ट्विटरचे दार आणि बाहेरचे कारागीर

18 मे 2011 रोजी ट्विटरने एक सूचना काढली. ट्विटरवर चालणारी ॲप बनवणाऱ्या, पण ट्विटरच्या नोकरीत नसलेल्या जगभरच्या प्रोग्रामरांसाठी ती होती. तोवर एखाद्या ॲपला कुणाच्या ट्विटर खात्यात शिरायचे तर दोन प्रकारची परवानगी मिळे: नुसते वाचण्याची, किंवा वाचण्याची आणि लिहिण्याची. ही परवानगी मिळाली की त्या माणसाचे डायरेक्ट मेसेज, म्हणजे दोघांमधले खासगी संदेशही ॲपपुढे आपोआप उघडे होत. आता तिसरा प्रकार आला. खासगी संदेश हवे असतील तर ॲपने ते वेगळे मागायचे, ॲप आधीपासून वापरणाऱ्यांकडूनही नव्याने मागायचे, आणि त्यासाठी त्या माणसाला ट्विटरच्याच वेब पानावर घेऊन जायचे. मुदत जेमतेम दोन आठवड्यांची.

बाहेरून पाहणाऱ्याला यात खटकण्यासारखे काही दिसणार नाही. फोटो चढवण्यासाठी किंवा क्रिकेटचा धावफलक पाठवण्यासाठी घेतलेल्या ॲपने आपली खासगी पत्रे का वाचावीत? तरीही पुढचे काही आठवडे ट्विटरभोवतीच्या प्रोग्रामरांमध्ये मोठी खळबळ माजली. ती समजून घ्यायची तर पाच वर्षे मागे जावे लागते.

ट्विटर 2006 च्या मार्चमध्ये जन्मले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने आपले एपीआय खुले केले. एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती कशी मागायची आणि ती कशी मिळणार, याची ठरवून दिलेली पद्धत. ट्विटरने ती जाहीर केली आणि कुणालाही वापरू दिली. कंपनी लहान होती, सर्व्हर वारंवार बंद पडत, आणि मोबाइलवर किंवा संगणकावर चालणारे स्वतःचे म्हणावे असे ॲपही तिच्याकडे नव्हते. ती उणीव बाहेरच्यांनी भरून काढली. जानेवारी 2007 मध्ये आयकॉनफॅक्टरी या छोट्या अमेरिकी कंपनीने मॅक संगणकासाठी ट्विटरिफिक हे ॲप आणले. ट्विटरसाठी पक्ष्याचे चिन्ह पहिल्यांदा वापरले ते या ॲपने. किती अक्षरे उरली हे दाखवणारा आकडा इथेच आला, आणि 'ट्वीट' हा शब्द रूढ करण्याचे श्रेयही याच मंडळींना दिले जाते. 2008 च्या उन्हाळ्यात लंडनच्या इयन डॉड्सवर्थ यांनी ट्वीटडेक बनवले. एकाच पडद्यावर अनेक रकाने, प्रत्येकात वेगळा विषय. जगभरच्या वार्ताहरांनी ते उचलून धरले. त्याच वर्षाअखेरीस लॉरेन ब्रिक्टर या तरुणाने आयफोनसाठी ट्वीटी लिहिले. आज बँकेच्या, बातम्यांच्या, रेल्वेच्या ॲपमध्ये यादी बोटाने खाली ओढली की माहिती ताजी होते. ही युक्ती ब्रिक्टर यांनी ट्वीटीच्या 2009 मधल्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदा वापरली.

थोडक्यात, लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले आणि बोटांनी हाताळलेले ट्विटर बरेचसे बाहेरच्यांच्या हातचे होते. ट्विटरकडे होते ते कोठार: कोट्यवधी संदेश, आणि ते देण्या-नाकारण्याचा अधिकार.

सुरुवातीच्या काळात दारावर पहारा असा नव्हताच. ॲप तुमचे नाव आणि पासवर्ड विचारी, साठवून ठेवी आणि तुमच्या वतीने ट्विटरकडे जाई. पासवर्ड कुणाकुणाकडे गेला आहे याचा पत्ता खातेदाराला नसे, आणि एका ॲपची परवानगी काढून घ्यायची तर पासवर्डच बदलावा लागे. मग इतर सगळी ॲपही बंद. ही पद्धत धोक्याची आहे हे सर्वांना पटले होते. तिच्या जागी ओऑथ ही पद्धत तयार झाली. तिच्या पहिल्या जुळणीत ट्विटरचाच अभियंता ब्लेन कुक पुढे होता. ओऑथमध्ये पासवर्ड ॲपच्या हाती पडत नाही. खातेदार मूळ संकेतस्थळावर जाऊन होकार देतो आणि ॲपला फक्त एक टोकन मिळते, हवे तेव्हा रद्द करता येणारे. 31 ऑगस्ट 2010 रोजी ट्विटरने जुनी पद्धत कायमची बंद केली. हा बदल आधी जूनअखेर होणार होता. पण त्या सुमारास फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा आली, सर्व्हरवरचा भार वाढला आणि मुदत पुढे गेली. मोबाइल ॲपसाठी एक सवलत मात्र ठेवली, तिचे नाव एक्सऑथ. ॲपने पासवर्ड एकदाच विचारायचा, त्याच्या बदल्यात टोकन घ्यायचे आणि पासवर्ड विसरून जायचा. ब्राउझर उघडण्याची यातायात वाचे. बहुतेक मोबाइल ॲप याच वाटेने आत येत असत.

मे 2011 च्या सूचनेने नेमकी हीच वाट अडवली. एक्सऑथने आलेल्या ॲपला यापुढे खासगी संदेश दिसणार नव्हते.

प्रोग्रामरांच्या तक्रारी हवेतल्या नव्हत्या. तेव्हाच्या आयफोनवर ॲपमधून बाहेर पडून ब्राउझरमध्ये लॉगिन करायचे आणि परत यायचे हा प्रवास ओबडधोबड होता, आणि त्यात गोंधळून लोक अर्ध्यातच सोडून देत. शिवाय नवे ॲप लिहून, तपासून ॲपलकडे मंजुरीला पाठवायचे तर त्या काळी मंजुरीलाच कित्येक दिवस जात. दोन आठवड्यांत हे कसे जमावे? जे वापरणारे नव्याने परवानगी देणार नाहीत, त्यांचे खासगी संदेश एका सकाळी दिसेनासे होणार आणि शिव्या खाणार ॲपवाला. पण सगळ्यात जास्त झोंबले ते वेगळेच. ट्विटरच्या स्वतःच्या ॲपला हा नियम लागू नव्हता. अधिकृत ॲप पूर्वीप्रमाणे नाव-पासवर्ड घेणार, खासगी संदेश दाखवणार, वेब पानाची फेरी नाही. जॉन ग्रुबर यांच्यासारख्या जाणत्या तंत्रलेखकांनी याच भेदावर बोट ठेवले.

ट्विटरचा युक्तिवाद विश्वासाचा होता: आपण कुणाला काय वाचू देतो आहोत हे खातेदाराला स्वच्छ कळले पाहिजे. होकाराचे पान त्याच वेळी नव्याने रचण्यात आले. हे ॲप काय करू शकेल आणि काय करू शकणार नाही, अशा दोन याद्या त्यावर साध्या शब्दांत आल्या. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. तीनच महिन्यांपूर्वी, 18 फेब्रुवारीला ट्विटरने उबरट्विटर आणि ट्विड्रॉइड या दोन लोकप्रिय ॲपचा प्रवेश रोखला होता. तेव्हा दिलेल्या कारणांत एक कारण 140 अक्षरांपेक्षा लांब खासगी संदेशांच्या गोपनीयतेचे होते. इतर कारणे नाममुद्रेची आणि लोकांच्या ट्वीटमध्ये फेरफार करून पैसे मिळवल्याची होती. काही दिवसांत ती ॲप परत आली, उबरट्विटरला तर नावही बदलावे लागले. खासगी संदेश बाहेरच्या हातांत किती अलगद पडतात, ते त्यातून लोकांसमोर आले होते.

तरी प्रोग्रामरांचा विश्वास बसला नाही, कारण मधल्या काळात 11 मार्च येऊन गेला होता. त्या दिवशी ट्विटरच्या प्लॅटफॉर्म विभागाचे प्रमुख रायन सार्व्हर यांनी सर्वांना कळवले की ट्विटरच्या मुख्य ॲपसारखी ॲप यापुढे नव्याने बनवू नका. 90 टक्के वापरणारे महिन्यात कधी ना कधी अधिकृत ॲप वापरतात, असा दाखला त्यांनी दिला. मुळात हे अधिकृत ॲप आले कुठून? एप्रिल 2010 मध्ये ट्विटरने ट्वीटी विकत घेतले आणि त्यालाच आपल्या नावाने बाजारात आणले. त्याच महिन्यात ट्विटरने जाहिराती सुरू केल्या होत्या. जाहिरात दाखवायची तर वाचणारा आपल्याच पडद्यापुढे बसला पाहिजे, दुसऱ्याच्या नव्हे. त्यामुळे मे महिन्यात परवानगीचा नियम आला, तेव्हा वाचणाऱ्याची काळजी किती आणि जाहिरातीचा हिशेब किती, हे बाहेरच्यांना सांगता येईना. नियम जाहीर झाल्यावर आठवड्याभरात ट्वीटडेकही ट्विटरने विकत घेतले.

भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. तिथल्या कित्येक छोट्या कारखानदारांचे माग स्वतःचे असतात, शेड आणि वीजबिलही त्यांचेच, पण सूत व्यापाऱ्याचे. व्यापारी सूत देतो, कारखानदार कोरे कापड विणून परत करतो आणि मीटरमागे मजुरी घेतो. एका इंचात आडवे धागे किती, माल कधी उचलायचा, मजुरी किती, हे पेढीवर ठरते. बाजार पडला की दर कमी होतो, माग मात्र तेवढेच आणि हप्तेही तेवढेच. ट्विटरसाठी ॲप लिहिणारा प्रोग्रामर असाच दुसऱ्याच्या सुतावर विणत होता. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की भिवंडीत एका पेढीशी जमले नाही तर दुसऱ्या पेढीचे सूत आणता येते. ट्वीट देणारी पेढी जगात एकच होती.

शेवटी ट्विटरने थोडी माघार घेतली. मुदत वाढत वाढत जूनअखेरपर्यंत गेली, पण नियम राहिला. ॲपवाल्यांनी ब्राउझरची फेरी आपल्या ॲपमध्ये बसवली, लोकांना पुन्हा होकार द्यायला लावला आणि काम पुढे चालू ठेवले. त्या वादाकडे आज पाहताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. खासगी संदेशांना वेगळी परवानगी हवी, हे ट्विटरचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. चूक होती ती दोन आठवड्यांच्या मुदतीत, आणि त्याहून अधिक स्वतःला दिलेल्या सवलतीत. नियम करणाराच त्या धंद्यातला प्रतिस्पर्धी असेल, तर त्याने तो नियम आधी स्वतःला लावला पाहिजे. 2011 मध्ये हे झाले नाही आणि पुढच्या बारा वर्षांत तेच पुन्हा पुन्हा घडले.

16 ऑगस्ट 2012 रोजी ट्विटरचे अधिकारी मायकेल सिप्पी यांच्या सहीने नवे नियम आले. ट्विटरसारखेच दिसणारे ॲप असेल तर त्याला जास्तीत जास्त एक लाख वापरणारे घेता येतील. त्यापुढे जायचे तर ट्विटरची खास मंजुरी हवी. ज्यांच्याकडे आधीच लाखाहून जास्त लोक होते, त्यांना आणखी तेवढेच घेता येणार होते, त्यानंतर दार बंद. म्हणजे ॲप लोकांना जितके आवडेल तितके ते संपण्याच्या जवळ जाणार. टॅपबॉट्स या दोन भागीदारांच्या कंपनीने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॅकसाठी ट्वीटबॉट आणले आणि किंमत ठेवली 20 डॉलर. टोकन मोजकी आहेत, तेव्हा ज्याला खरोखर हवे त्यालाच ती मिळावीत, हे त्यामागचे कारण कंपनीने उघड सांगितले. अँड्रॉइडवरच्या फाल्कन प्रो या ॲपचा कोटा 2013 च्या फेब्रुवारीत संपला. एकदा वापरून सोडून दिलेली खाती आणि पैसे न देता चोरून उतरवलेल्या प्रतीसुद्धा त्याच लाखात मोजल्या जात होत्या.

फेसबुकवर याच नाटकाचा दुसरा अंक चालू होता, आणि त्याचे धागे थेट भारतापर्यंत आले.

फेसबुकने मे 2007 मध्ये बाहेरच्या ॲपसाठी दार उघडले. तिथली परवानगी ट्विटरपेक्षा कितीतरी सैल होती. एखाद्याने होकार दिला की त्याचीच नव्हे, त्याच्या मित्रांचीही माहिती ॲपला मिळे. मित्रांना कुणी विचारलेले नसे. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक अलेक्झांडर कोगन यांनी व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक ॲप याच काळात चालवले. ते घेतले सुमारे 2 लाख 70 हजार लोकांनी आणि माहिती गेली, फेसबुकच्याच अंदाजाने, 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची. ती केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक सल्लागार कंपनीच्या हाती लागली. 2018 च्या मार्चमध्ये हे उघड झाले. पुढच्या महिन्यात फेसबुकने भारताचा आकडा दिला: ॲप घेणारे 335 आणि ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता आहे असे 5 लाख 62 हजार 455. तीनशे पस्तीस जणांनी एका चाचणीला हो म्हटले आणि साडेपाच लाखांची माहिती उघड्यावर पडली. परवानगी या गोष्टीत किती ताकद असते, ते या दोन आकड्यांइतके दुसरे काही सांगत नाही. सीबीआयने जानेवारी 2021 मध्ये या प्रकरणी गुन्हा नोंदवला.

मित्रांची माहिती देणारी ही वाट फेसबुकने स्वतःच 30 एप्रिल 2014 रोजी बंद करायला घेतली होती. जुन्या ॲपना एक वर्ष दिले. तेव्हाही कितीतरी छोट्या ॲपवाल्यांचे धंदे बसले, कारण नोकरी शोधणारी, जोडीदार सुचवणारी ॲप मित्रांच्या यादीवरच उभी होती. त्यांची चिडचिड त्या वेळी कुणी फारशी ऐकली नाही. 2018 नंतर पाहता ते दार बंद करणे योग्यच ठरले, किंबहुना फार उशिरा झाले. पण 2018 च्याच डिसेंबरात ब्रिटिश संसदेच्या समितीने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध केली आणि दुसरी बाजू दिसली. काही निवडक कंपन्यांना दार बंद झाल्यावरही आत येता येत होते. 2013 च्या जानेवारीत ट्विटरचे व्हाइन हे व्हिडिओ ॲप बाजारात येताच त्याला मित्र शोधण्याची सोय नाकारण्याचा निर्णय झाला होता, आणि त्याला फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांची संमती होती. इथेही नियम बरोबर होता, पण तो कुणाला लावायचा आणि कुणाला वगळायचे, हे मालक आपल्या सोयीने ठरवत होता.

दार आवळण्याची गरज किती खरी असू शकते, याचा सर्वात दुःखद पुरावा महाराष्ट्राकडे आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले भिक्षेकरी होते. अशा अफवा त्या महिन्यांत देशभर व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या आणि अनेक राज्यांत बळी जात होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि फोटो-व्हिडिओशेजारचे झटपट पुढे पाठवण्याचे बटण काढले. जानेवारी 2019 मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. या बदलाने कुणाची गैरसोय झाली असेल तर ती सोसण्यासारखीच होती. आवळलेला प्रत्येक नियम मालकाच्या फायद्याचाच असतो असे मानणाऱ्यांनी राईनपाडा विसरू नये.

ट्विटर आणि त्याचे कारागीर यांचे संबंध मधल्या काळात दोनदा सुधारता सुधारता राहिले. ऑक्टोबर 2015 मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी प्रोग्रामरांच्या परिषदेत व्यासपीठावरून त्यांची माफी मागितली. आपले नाते गुंतागुंतीचे आणि बेभरवशाचे झाले, ते नव्याने सुरू करू, असे ते म्हणाले. तीन वर्षांनी, ऑगस्ट 2018 मध्ये, ट्विटरने ट्वीट क्षणोक्षणी पोचवणारी जुनी सेवा बंद केली आणि ट्वीटबॉट, ट्विटरिफिक यांच्या सूचना येणे थांबले किंवा रेंगाळू लागले.

दुसरी संधी आली ती मुंबईत वाढलेल्या एका माणसाच्या काळात. पराग अगरवाल मुंबईच्या अणुऊर्जा केंद्रीय शाळेत शिकले, 2005 मध्ये आयआयटी मुंबईतून संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले आणि स्टॅनफर्डमध्ये संशोधन करून ऑक्टोबर 2011 मध्ये ट्विटरमध्ये रुजू झाले. परवानगीचा वाद थंडावून तेव्हा काही महिनेच झाले होते. ते पुढे मुख्य तंत्र अधिकारी झाले. त्यांच्याच त्या काळात एपीआय नव्याने लिहिले गेले, आणि नोव्हेंबर 2021 च्या मध्यावर ट्विटरसारखी ॲप बनवण्यास आडकाठी करणाऱ्या जुन्या अटी काढून टाकण्यात आल्या. 29 नोव्हेंबरला अगरवाल मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. दहा वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्यांना आत बोलावणारे वारे वाहू लागले होते. ते वर्षभरही टिकले नाही. 27 ऑक्टोबर 2022 रोजी इलॉन मस्क यांनी कंपनी ताब्यात घेतली आणि अगरवाल यांना त्याच दिवशी काढले.

त्यानंतर जे झाले त्यात 2011 चा सभ्यपणाही उरला नव्हता. 12 जानेवारी 2023 च्या रात्री ट्वीटबॉट, ट्विटरिफिक आणि त्यांच्यासारखी मुख्य ॲप एकाएकी बंद पडली. सूचना नाही, कारण नाही. आपली चूक झाली की ट्विटरच्या सर्व्हरची, हे शोधण्यात प्रोग्रामरांचे दिवस गेले. 17 तारखेला ट्विटरने एवढेच सांगितले की जुन्याच नियमांची अंमलबजावणी चालू आहे. कोणता नियम ते सांगितले नाही. 19 तारखेला करारात नवे कलम आले: ट्विटरच्या ॲपला पर्याय ठरेल किंवा त्यासारखे असेल असे काही बनवता येणार नाही. म्हणजे शिक्षा आधी झाली आणि नियम आठवड्याने लिहिला गेला. त्याच दिवशी आयकॉनफॅक्टरीने ट्विटरिफिक थांबवल्याचे जाहीर केले. ट्विटरला पक्षी देणारे ॲप सोळा वर्षांनी संपले.

आणि तेवढ्याने भागले नाही. या ॲपचे हजारो लोकांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते. ॲपलच्या पद्धतीप्रमाणे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत जाणार होते, आणि त्यातला मोठा वाटा प्रोग्रामरांच्या खिशातून. दोन-चार माणसांच्या कंपनीला हा धक्का जीवघेणा होता. तेव्हा आयकॉनफॅक्टरी आणि टॅपबॉट्स यांनी बंद पडलेल्या ॲपची एक शेवटची आवृत्ती काढली. तिच्यात एक बटण होते: मला परतावा नको. ज्यांना शक्य होते त्यांनी ते दाबावे, अशी विनंती होती.

फेब्रुवारीत मोफत एपीआयच बंद करण्याची घोषणा झाली, आठवड्याची मुदत देऊन. पुढे ढकलत ढकलत 29 मार्चला दर लागले. मोफत वाटेवर महिन्याला 1,500 ट्वीट लिहिता येणार होती, वाचता जवळजवळ काही येणार नव्हते. त्यावरची पायरी महिना 100 डॉलर, म्हणजे तेव्हाचे आठ हजारांहून अधिक रुपये. मोठ्या वापरासाठी 42,000 डॉलरपासून सुरुवात, अशा बातम्या आल्या. कॉलेजातल्या पोराने हौसेने चालवलेला, आपोआप ट्वीट करणारा बॉट, विद्यापीठातल्या संशोधकाचा अभ्यास, पुराच्या वेळी मदतीचे संदेश गोळा करणारी खटपट, या सगळ्यांचा पाया एकदम महाग झाला. न्यूयॉर्कच्या मेट्रो आणि बस चालवणाऱ्या एमटीए या सरकारी संस्थेने एप्रिलअखेर ट्विटरवर गाड्यांच्या सूचना देणे बंद केले. प्रवाशांची माहिती एका खासगी कंपनीच्या लहरीवर सोडता येत नाही, हा तिचा मुद्दा होता. काही दिवसांतच ट्विटरने सार्वजनिक सेवांना मोफत वापर परत दिला.

त्याच उन्हाळ्यात रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळानेही हेच केले. रेडिट वाचण्याचे अपोलो हे ॲप एकट्याच्या जिवावर चालवणाऱ्या क्रिस्चन सेलिग यांनी हिशेब मांडला तेव्हा वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर द्यावे लागतील असे निघाले. 12 जूनपासून हजारो रेडिट समूहांनी आपली पाने बंद ठेवून निषेध केला. कंपनी हलली नाही. 30 जूनला अपोलो बंद झाले.

या पडझडीतून काही कारागीर दुसऱ्या वाटेला लागले. टॅपबॉट्सने जानेवारी 2023 मध्येच मॅस्टडॉनसाठी आयव्हरी हे ॲप आणले. मॅस्टडॉन कुणा एका कंपनीचे नाही. वेगवेगळे सर्व्हर एका खुल्या नियमावलीने एकमेकांशी बोलतात, आणि ती नियमावली 2018 पासून वेबच्या जागतिक संस्थेची मान्यताप्राप्त नियमावली आहे. भारतीयांना ते अनोळखी नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले, तेव्हा हजारो भारतीय निषेध म्हणून मॅस्टडॉनवर गेले होते. बरेचसे परतले, कारण ओळखीची माणसे जुन्याच जागी होती. व्यासपीठाच्या मालकाची खरी ताकद तीच आहे, तंत्रात ती फारशी नाही.

कायदा आता हळूहळू या दाराशी पोचतो आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या 2021 मधल्या बदललेल्या अटींबद्दल मेटाला 213 कोटी 14 लाख रुपयांचा दंड केला. स्वीकारा, नाहीतर व्हॉट्सॲप सोडा, असा तो होकार होता, आणि असा होकार आयोगाला मान्य झाला नाही. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात परवानगी मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणासाठी आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता येणारी असावी, असे लिहिले आहे. 2011 मध्ये ट्विटरच्या होकाराच्या पानावर आलेल्या दोन याद्या आज कायद्याच्या भाषेत आल्या आहेत, हे चांगलेच झाले. पण हा कायदा माहिती देणाऱ्याचे रक्षण करतो. त्या माहितीवर काही उपयोगी उभे करणाऱ्या छोट्या कारागिराला पुरेशी मुदत मिळावी, आणि मालकाच्या ॲपला लागणारा नियम त्यालाही त्याच मापाने लागावा, असे सांगणारे कलम त्यात नाही. ते यायला हवे.

तोवर आपल्या हाती आहे ते एक काम सरकारी कचेऱ्यांनी तरी करावे. भिवंडी-निजामपूर महापालिका असो, मध्य रेल्वे असो की जिल्ह्याची आपत्ती यंत्रणा, पाणी कधी येणार, लोकल का थांबली, कोणता रस्ता बंद आहे, ही माहिती आधी स्वतःच्या संकेतस्थळावर, कुणालाही उचलून ॲप बनवता येईल अशा खुल्या स्वरूपात द्यावी. एक्सवर, म्हणजे आधीच्या ट्विटरवर, आणि व्हॉट्सॲपवर ती जरूर टाकावी, पण त्यानंतर.